अराताचा पासपोर्ट, अक्काचा पासपोर्ट

मागच्या महिन्यात अक्काने स्टुटगार्टहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की तिने जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केलाय. नाना जेवत होते. (आमच्या घरी तेलुगू बोलतात, वडिलांना नाना म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत हेच ऐकू येईल.)

“मग आपला पासपोर्ट?” नानांनी विचारलं.

“तो परत द्यावा लागतो, नाना. जर्मनी आता दोन्ही ठेवू देते. भारत देत नाही.”

नाना “बरं” म्हणाले आणि हात धुवायला उठले. ताटात अर्धी कडक भाकरी तशीच. अक्काला स्क्रीनवर नुसती भिंत दिसत असणार. ती थोडा वेळ माझ्याशी हवापाण्याचं बोलली आणि तिने फोन ठेवला.

रात्री गच्चीवर नाना म्हणाले, “देश म्हणजे काय नोकरी आहे का, चांगली ऑफर आली की राजीनामा टाकायला?” मी सहा वर्षांत तीन कंपन्या बदलल्यात, त्यामुळे वाक्य अक्काला उद्देशून असलं तरी मला लागलं. मी म्हटलं, “नाना, तुम्हाला अराता आठवतो का?”

त्यांना आठवत होता. आठवणारच. मला अराता इझुमी दाखवला तोच नानांनी.

२०१३ ची गोष्ट. मी नववीत होतो. नानांचं पुण्यात टॉवेलच्या ऑर्डरचं काम होतं, त्याला सुट्टीचा दिवस जोडून आम्ही सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो आणि संध्याकाळी बालेवाडीला पुणे एफसीची मॅच बघितली. समोर कोण होतं, स्कोअर काय झाला, काही आठवत नाही. एवढं मोठं स्टेडियम आणि एवढी थोडी माणसं, हे आठवतं. आणि आठवतो मधल्या फळीतला एक बारका माणूस, जो पास मिळायच्या आधी प्रत्येक वेळी मान वळवून मागे बघायचा. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. चेंडू नसताना मिडफिल्डर काय करतो ते मैदानावर गेल्यावरच कळतं: तो सतत मोजत असतो, कोण कुठे आहे, आपण वळलो तर समोर कोण येईल. घोटभर वेळ मिळतो, तेवढ्यात आधीच ठरवलेलं उरकायचं.

शेजारचा एक जण म्हणाला, हा जपानचा, पण आता भारताचा झालाय. परतीच्या गाडीत नाना मला म्हणाले होते, “बघ, बाहेरचा माणूस. आपल्यासाठी स्वतःचा देश सोडून आला. याला म्हणतात निष्ठा.”

तेच नाना. तोच कायदा, फक्त उलट्या दिशेने. एकाने पासपोर्ट सोडला तर निष्ठा, दुसरीने सोडला तर राजीनामा. गेला महिनाभर हे माझ्या डोक्यातून जात नाहीये. नाना ढोंगी आहेत असं मला म्हणायचं नाही, ते अजिबात ढोंगी नाहीत. त्यामुळेच तर प्रश्न अवघड आहे.

आधी अराताबद्दल, कारण त्याची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही.

तो ३१ जुलै १९८२ ला जपानमधल्या शिमोनोसेकीत जन्मला. आई जपानी, वडील गुजराती. जपानमध्ये त्याला फार वरच्या पातळीवर खेळायला मिळालं नाही. सिंगापूरच्या लीगमध्ये अल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबचा एक संघ खेळायचा, तिथे तो गेला, आणि तिथून २००६ मध्ये ईस्ट बंगालकडून खेळायला कोलकात्याला आला. मग मुंबईचा महिंद्रा युनायटेड. २००९ मध्ये पुणे एफसी. महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता संघ, पण २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तोही लीगमधून गेला. भारतात फुटबॉल खेळून पोट भरणं म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून सांगतोय. क्लब इथे आपल्याकडच्या गिरण्यांसारखे बंद पडतात: मजूर कामावर असतानाच.

भारतात तो परदेशी खेळाडू म्हणून मोजला जायचा. भारताच्या संघाकडून खेळायचं तर वडील गुजराती असून भागत नव्हतं. २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने ठरवलं, की देशाकडून खेळायला भारतीय पासपोर्टच हवा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि जपानही मानत नाही. म्हणजे एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं. २०१२ मध्ये अराताने जपानचं सोडलं. तो तीस वर्षांचा होता. मिडफिल्डरच्या पायांत तिशीनंतर किती वर्षं उरतात, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीमध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. समोर पॅलेस्टाईन. भारत २-४ हरला. या सामन्याचा विचार मी अलीकडे पुन्हा पुन्हा करतो. एका बाजूला जपानमध्ये जन्मलेला माणूस पहिल्यांदा भारताची जर्सी घालून उभा, आणि दुसऱ्या बाजूला अशी टीम, जिच्या देशाला संयुक्त राष्ट्रांनी जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, निरीक्षक राष्ट्राचा दर्जा दिला होता. फिफाने मात्र त्यांना १९९८ मध्येच सदस्य करून घेतलं होतं. फुटबॉलच्या नकाशावर देश होता, दुसऱ्या नकाशावर अर्धामुर्धा. त्या संध्याकाळी मैदानावर ‘देश’ या शब्दाचे निदान तीन अर्थ धावत होते.

भारताकडून अराता दहापेक्षाही कमी सामने खेळला. २०१२ च्या अखेरीस भारत फिफाच्या क्रमवारीत दीडशेच्याही खाली होता, आणि जपान तेव्हा आशियाचा विजेता. जपानचा पासपोर्ट जगातल्या बहुतेक देशांत व्हिसाशिवाय चालतो. आपला घेऊन जर्मनीला बहिणीकडे जायचं तर बँक स्टेटमेंटपासून परतीच्या तिकिटापर्यंत काय काय जोडावं लागतं, ते मी केलंय. हिशेब मांडला तर अराताने तोट्याचा सौदा केला. आणि तोट्याचा आहे म्हणूनच तो आपल्याला आवडतो.

माझ्या मते नानांच्या दोन निकालांतला फरक इथे आहे. आपण निष्ठा तोट्याने मोजतो. काही गमावलं तर माणूस खरा, काही मिळवलं तर माणूस संधीसाधू. अक्काला मिळणार आहे: युरोपात कुठेही काम, रांगा कमी, मुलीच्या शाळेची काळजी नाही. म्हणून ती गेली. अराताने गमावलं, म्हणून तो आला.

पण हे माप धड नाही, आणि ते अराताच्याच गोष्टीत मोडतं. खरं बघितलं तर तो जपानच्या संघात कधी जाणारच नव्हता, तेव्हा त्या बाजूने त्याने काही गमावलं नाही. उलट, भारतीय नागरिक झाल्यावर तो परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांतून सुटला. क्लबसाठी असा खेळाडू सोयीचा, म्हणजे त्यालाही काम मिळणं सोपं. पुढे आयएसएलमध्ये तो कोलकाता, पुणे, केरळ अशा संघांकडून खेळला, तो भारतीय खेळाडू म्हणून. मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते वैतागले. “म्हणजे तोपण फायद्यासाठी आला, असंच ना?” मला तसं नव्हतं म्हणायचं. माणूस प्रेमानेही येतो आणि फायद्यासाठीही येतो, आणि तो एकच माणूस असतो. लग्नात आपण हे मान्य करतो. देशाच्या बाबतीत का नाही?

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये रायन विल्यम्सची बातमी आली. ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळलेला, बंगळुरू एफसीचा खेळाडू. आई मुंबईत जन्मलेली, आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. बातमीखाली तिरंगे आणि हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस. मी विचार करत होतो, ऑस्ट्रेलियात त्याचे नाना असतील तर ते जेवणाच्या ताटावरून उठले असतील का?

आता आमच्या शहराबद्दल, कारण सोलापूरकराने या विषयावर फार ताठ मानेने बोलू नये, असं मला वाटायला लागलंय.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. शाळेतून आम्हाला तिथे नेलं होतं. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले ते एक. बाकीचे परतले, हे थांबले. चिनी मुलीशी लग्न केलं, चिनी भाषा शिकले, तिथल्या फौजेत डॉक्टर झाले, १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. कोणी सोलापूरकर म्हणेल का, की कोटणीसांनी देश सोडला? उलट आपण म्हणतो, सोलापूरचं नाव चीनमध्ये नेलं. ते ऐंशी वर्षं जगले असते, बीजिंगमध्ये मोठ्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले असते, निवृत्तीनंतर एकदा पार्क मैदानावर सत्काराला आले असते, तर? स्मारक झालं असतं का? मला शंका आहे. पुन्हा तेच माप. मेले म्हणून आपले राहिले.

आणि आमच्या घरातच बघा. माझे आजोबा लहानपणी करीमनगरकडच्या एका खेड्यातून आई-वडिलांबरोबर सोलापूरला आले. चाळीसच्या दशकाची सुरुवात. करीमनगर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे राज्य बदललं, राजा बदलला, नाणंसुद्धा बदललं, कारण निजामाचा रुपया वेगळा होता. फॉर्म भरला नाही, शपथ घेतली नाही. हातमागाला काम होतं, म्हणून आले. पद्मशाली समाजातली हजारो कुटुंबं अशीच आली, आणि आज जगभर जी ‘सोलापुरी’ चादर म्हणून ओळखली जाते, ती त्यांच्या हातांची आहे. आजोबा शेवटपर्यंत तेलुगूत स्वप्नं बघायचे (झोपेत बडबडायचे, त्यावरून सांगतो) आणि हिशेब मराठीत लिहायचे. त्यांना कोणी विचारलं नाही, की निजामाशी तुमची निष्ठा कुठे गेली.

नानांना मी हे म्हटलं. ते म्हणाले, “ते वेगळं. ते पोटासाठी.” मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “अक्काचं पण पोटच आहे म्हणा.” आणि लगेच, “पण तिचं पोट इथंही भरत होतं.” हा मुद्दा मला खोडता आला नाही. गरजेने जाणं आणि निवडीने जाणं यात फरक आहे. पण मग निवडीने जाणं वाईट का, हे नानांनाही सांगता आलं नाही.

सॉक्रेटिस तुरुंगात असताना त्याचा मित्र क्रिटो त्याला पळून जा म्हणतो, आणि सॉक्रेटिस नकार देतो, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्यातला एक तुकडा मला इंजिनिअरिंगला असताना वाचूनही लक्षात आला नव्हता. सॉक्रेटिस कल्पना करतो, की अथेन्सचे कायदेच समोर उभे राहून त्याच्याशी बोलताहेत. ते म्हणतात, ज्याला आम्ही पसंत नाही त्याने खुशाल आपलं सामान घेऊन दुसरीकडे जावं, आम्ही अडवत नाही. पण तू राहिलास, म्हणजे तुला आम्ही मान्य होतो. आता मोडू नकोस. म्हणजे निष्ठेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, तोसुद्धा उघडपणे जाण्याला दोष देत नाही. दोष आहे तो राहून फसवण्याला. या मापाने अक्का स्वच्छ आहे: अर्ज करते, पासपोर्ट परत देते, सांगून जाते. आणि मी? मी सोलापुरात राहतो, मत देतो, आणि रात्री दोनपर्यंत अमेरिकेतल्या एका क्लायंटच्या वेळेप्रमाणे जागतो. त्यांच्या सुट्ट्या मला पाठ आहेत. आपल्या नगरसेवकाचं नाव मला शोधून बघावं लागलं.

अक्काचा स्वतःचा युक्तिवाद वेगळाच होता. ती म्हणाली, “तुला वाटतं मला हे कार्ड मिळालं की मी जर्मन झाले? ओझिल बघ.” मेसुत ओझिल. फुटबॉल तिला माझ्यामुळे कळतो, तिथल्या ऑफिसमुळे जास्त. गेल्झनकिर्शनमध्ये तुर्की घरात जन्मलेला, जगातला एक उत्तम मिडफिल्डर, २०१४ चा विश्वविजेता. जर्मनीकडून खेळायला त्यानेही तुर्की नागरिकत्व सोडलं होतं. २०१८ मध्ये तुर्कीच्या राष्ट्राध्यक्षांबरोबर फोटो काढला, त्यानंतर वर्ल्डकपमध्ये संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला, आणि सगळा राग त्याच्यावर निघाला. त्याने राजीनामा देताना लिहिलं त्याचा आशय असा, की जिंकलो की मी जर्मन, हरलो की मी बाहेरून आलेला. त्या राष्ट्राध्यक्षांबद्दल माझं मत चांगलं नाही आणि तो फोटो चूक होता असं मी म्हणेन. तरी त्याने किंमत मोजली होती. ती एकदा मोजून पुरली नाही, पुन्हा पुन्हा मागितली गेली. तोट्याच्या मापाची ही दुसरी खोट: तोटा किती झाला म्हणजे पुरे, ते कधीच कोणी सांगत नाही.

उलटं उदाहरण बिब्रास नात्खोचं. इस्रायलचा मिडफिल्डर, २०१८ मध्ये कर्णधार झालेला. गाझातल्या युद्धानंतर इस्रायलच्या संघाबद्दल बोलणं सोपं राहिलेलं नाही, आणि ते सोपं असूही नये. पण या माणसाची जागा समजून घेण्यासारखी आहे. नात्खो ज्यू नाही. तो चेर्केस मुसलमान, गालीलमधल्या कफर कामा या खेड्यातला. एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्याने कॉकेशसमधून हाकललेल्या लोकांचे हे वंशज. इस्रायलचं राष्ट्रगीत ज्यू मनाच्या आशेबद्दल आहे. सामन्याआधी ते वाजायचं तेव्हा दंडावर कर्णधाराची पट्टी बांधलेला नात्खो आदराने उभा राहायचा, पण गायचा नाही. त्याला कर्णधार केलं तेव्हा यावर तिथे वादही झाला. आणि पोटासाठी तो खेळला कुठे? कझानमध्ये, आणि मॉस्कोत सीएसकेएकडून. ज्यांनी पणजोबांना हाकललं त्यांच्याच राजधानीत.

नात्खोने काही सोडलं नाही, काही नवं घेतलं नाही. पासपोर्ट जन्मापासूनचा. तरी त्याच्या ओठांकडे कॅमेरा जायचा. अराताने सगळं सोडलं आणि त्याच्या ओठांकडे कोणी बघितलं नाही. मला नात्खोचं ते उभं राहणं प्रामाणिक वाटतं. खोटं गाणं त्याला सहज जमलं असतं, नुसते ओठ तर हलवायचे. दर आठवड्याला कंपनीच्या मीटिंगमध्ये आम्ही तेच करतो.

इस्रायलचं नाव निघालं की मराठी माणसाला बेने इस्रायली आठवायला हवेत. कोकणातले शनिवार तेली: तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून हे नाव. गावावरून आडनावं: पेणकर, किहीमकर, नवगावकर. १९४८ नंतर यातले बरेच इस्रायलला गेले, आपल्या धर्माच्या देशात. तिथे गेल्यावर १९६२ मध्ये धर्मगुरूंच्या मंडळाने सांगितलं, की यांच्याशी लग्न लावायचं तर आधी पिढ्या तपासा, हे पुरते ज्यू आहेत का याची खात्री करा. दोन वर्षांनी, १९६४ च्या उन्हाळ्यात, हे मराठी बोलणारे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यूच आहेत असं जाहीर केलं, आणि धर्मगुरूंना नमतं घ्यावं लागलं.

त्याच वर्षी, धरण्याच्या थोडं आधी, मे-जूनमध्ये, आशिया कप इस्रायलमध्ये झाला होता. (इस्रायल तेव्हा आशियात खेळायचा. १९७४ मध्ये त्याला बाहेर काढलं, आणि १९९४ मध्ये तो युरोपच्या संघटनेचा पूर्ण सदस्य झाला. अख्खा देशच खंड बदलून गेला, त्याला कोणी राजीनामा म्हणत नाही.) चुनी गोस्वामींच्या नेतृत्वाखाली भारत दुसरा आला. आशिया कपात भारताने याहून वरची जागा कधी मिळवलेली नाही. इस्रायल पहिला. दोघांच्या सामन्यात इस्रायल २-० ने जिंकला.

मी कल्पना करतो, त्या सामन्याला प्रेक्षकांत एखादा पेणकर बसलाय. कोकण सोडून दहा-बारा वर्षं झालीत. घरी मराठी बोलतो. ज्या देशासाठी आला, तो देश त्याच्या आजीच्या रक्ताचा पुरावा मागतोय. ज्या देशाने कधी पुरावा मागितला नाही, तो देश समोर निळ्या जर्सीत हरतोय. इस्रायलचा गोल होतो. शेजारचे उठून टाळ्या वाजवतात. तो काय करेल?

१९९० मध्ये ब्रिटनचे एक राजकारणी, नॉर्मन टेबिट, म्हणाले होते की स्थलांतरितांची निष्ठा ओळखायची तर क्रिकेटमध्ये ते कोणाच्या बाजूने ओरडतात ते बघा. मला वाटतं, पेणकरला या परीक्षेला बसवण्याचा हक्क कोणालाच नाही. टाळी वाजवली तरी तो खरा, नाही वाजवली तरी खरा. आणि दोन्ही वेळा आत काहीतरी दुखणार. ते दुखणं लपवायला लावणं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत अनैतिक वाटतं. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला होता, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कन्नड बोलणाऱ्या आजोबांना पोरांनी विचारलं, “काय बे आजोबा, कुठं जाणार मग?” चेष्टाच होती. आजोबा हसले. पण त्यानंतर काही दिवस ते दुकानात कन्नडऐवजी मराठीतच बोलत होते, हे मी ऐकलंय.

म्हणून आता मला अराताबद्दल ‘त्याने किती सोडलं’ हे विचारावंसं वाटत नाही. खेळणं थांबल्यावर तो जपानला परतला नाही. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांचा प्रशिक्षक झाला. पासपोर्ट बदलला तो एका दिवसात. त्यानंतरची रोजची सकाळ, शिट्टी, कोन, त्याच त्या चुका करणारी पोरं, पास यायच्या आधी मान वळवून मागे बघा असं हजारदा सांगणं, हे त्या कागदात मावत नाही. त्यातलं बरंचसं तो जपानी पासपोर्टवरही करू शकला असता. आणि अक्का स्टुटगार्टमध्ये एका हॉस्पिटलच्या रक्त तपासणीच्या मशीनसाठी सॉफ्टवेअर लिहिते. ज्यांचं रक्त तपासलं जातं त्यांना तिच्या पासपोर्टशी काही देणंघेणं नाही.

हे मी नानांना सांगितलं, बऱ्यापैकी नीट मांडून. मला वाटलं, जिंकलो.

नाना म्हणाले, “ते सगळं ठीक आहे. पण मी गेलो तर ती व्हिसा काढून येणार?”

मी त्यांना ओसीआय कार्डाबद्दल सांगितलं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं, आयुष्यभर चालतं, व्हिसा लागत नाही. मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही, बाकी येणं-जाणं मोकळं. ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी. “म्हणजे पाहुण्यांचं कार्ड,” म्हणाले.

गेल्या आठवड्यात अक्काने मेसेज केला, की तिला जन्मदाखला हवाय, नवीन, इंग्रजीतला, त्यावर पुढे मुंबईतून शिक्के घ्यायचे. मी म्हटलं मी जातो. नाना म्हणाले, “तुझं काम चालू दे,” आणि स्वतःच महापालिकेत गेले. दोनदा जावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दाखला घेऊन आले, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि टेबलावर ठेवला. जन्मस्थळ: सोलापूर. चष्मा लावून त्यांनी पुन्हा एकदा स्पेलिंग तपासलं.

मग मला विचारलं, “त्या अराताला असाच दाखला जपानहून मागवावा लागला असेल ना? कोणी काढून दिला असेल?”

“घरच्यांनीच असेल,” मी म्हटलं.

“आईने असेल,” नाना म्हणाले, आणि कुरिअरवाला किती वाजेपर्यंत उघडा असतो ते विचारायला खाली गेले.